यादीचा क्रम : जावास्क्रिप्टमधील ॲरे आणि त्यांची मांडणी करणारी साधने

संगणकाच्या परिभाषेत 'ॲरे' म्हणजे ओळीने ठेवलेल्या आणि आपापल्या स्थानांकाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदींची यादी. वेबपानावर दिसणारे शोधाचे निकाल, गाड्यांचे वेळापत्रक, दुकानातला माल, परीक्षेची गुणवत्ता यादी असे बहुतेक सारे काही पडद्यावर उमटण्यापूर्वी अशा एखाद्या ॲरेत बसलेले असते, आणि तेथून ते निवडले, जोडले, गटांत विभागले व क्रमाने लावले जाते. ही कामे पुन्हा पुन्हा करावी लागत असल्यामुळे त्यांच्यासाठी छोटी, सुटी, कोठेही वापरता येतील अशी फंक्शने लिहिली जातात. प्रोग्रामर त्यांना 'युटिलिटी फंक्शन' म्हणतात. ही फंक्शने दोन-चार ओळींची असल्याने ती किरकोळ समजली जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात फार मोठे निर्णय दडलेले असतात, कारण क्रम हा माहितीच्या अंगचा गुण नसून तो कोणीतरी ठरवलेला असतो, आणि वापरणाऱ्याने तो ठरवला नाही तर फंक्शन लिहिणाऱ्याने केव्हातरी ठरवून ठेवलेला क्रम निमूटपणे लागू होतो. प्रस्तुत व्याख्यानात या निर्णयांचा विचार वेबची मुख्य भाषा असलेल्या जावास्क्रिप्टच्या आधारे केला आहे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत या भाषेचे पहिले रूप उभे केले. पुढच्याच वर्षी आलेल्या १.१ या आवृत्तीत ॲरेला 'सॉर्ट' हे क्रम लावणारे फंक्शन मिळाले आणि जून १९९७ मध्ये 'एक्मास्क्रिप्ट' या नावाने भाषेचे पहिले मानक प्रसिद्ध झाले, तेव्हा सॉर्टही त्यात जसेच्या तसे आले. या सॉर्टची एक खोड आजतागायत कायम आहे. ९, ८० आणि ७०० हे तीन आकडे ॲरेत ठेवून, दुसरे काहीही न सांगता सॉर्टला बोलावले, तर उत्तर ७००, ८०, ९ असे नेमके उलटे येते. याचे कारण असे की, स्वतंत्र सूचना नसेल तर सॉर्ट प्रत्येक नोंदीचे आधी मजकुरात रूपांतर करते आणि मग त्या मजकुरांची अक्षरागणिक तुलना करते. ७ हे चिन्ह ८ च्या आधी आणि ८ हे ९ च्या आधी येत असल्याने पुढच्या शून्यांना काही किंमतच उरत नाही. एकाच ॲरेत संख्या, मजकूर, तारखा अशी कोणतीही सरमिसळ चालणाऱ्या भाषेत, प्रत्येक वस्तूला मजकुराचे रूप देता येते हा एकच समान धागा हाताशी होता, आणि त्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. तरीही तो चुकीचाच म्हटला पाहिजे, कारण चूक झाल्याची कोणतीही खूण तो मागे ठेवत नाही. ३, ५, ८ अशा एकअंकी आकड्यांवर चाचणी घेणाऱ्याला सारे काही ठीक दिसते, आणि पहिला दोनअंकी आकडा आला की यादी गुपचूप बिघडते.

हा दोष दुरुस्त का होत नाही, याचे उत्तर वेबच्या स्वभावात आहे. एकदा प्रसिद्ध झालेले पान कोणी परत घेत नाही. वीस वर्षांपूर्वीचे पानही आजच्या ब्राउझरमध्ये चालले पाहिजे अशी अपेक्षा असते. त्यामुळे भाषेचे मानक ठरवणाऱ्या टीसी-३९ या समितीला नवी साधने देता येतात, पण जुन्यांचे वर्तन बदलणे तिला जवळजवळ अशक्य असते.

मूळ मानकातच यावर एक वाट ठेवलेली होती. सॉर्टला आपण स्वतः लिहिलेले तुलनाफंक्शन देता येते. दोन नोंदी हाती घेऊन पहिली आधी यायची असेल तर ऋण संख्या, नंतर यायची असेल तर धन संख्या आणि दोघींचा दर्जा सारखा असेल तर शून्य परत करणे एवढेच त्याचे काम. आकड्यांसाठी पहिल्यातून दुसरा वजा केला की ते पुरते. मात्र या साध्या करारातही सचोटी लागते. पुष्कळ जण तुलनाफंक्शनातून 'पहिला मोठा आहे का' एवढेच उत्तर देतात. 'होय' चे १ होते आणि 'नाही' चे ०, म्हणजे 'पहिला लहान आहे' हे सांगण्याची सोयच राहत नाही आणि लहान व समान यांतला भेद पुसला जातो. क्रोम ब्राउझरच्या व्ही-८ या इंजिनाची जुनी पद्धत लहान याद्यांच्या बाबतीत उत्तर धन आहे की नाही एवढेच पाहत असे, त्यामुळे असा सदोष कोड वर्षानुवर्षे खपून गेला. २०१८ साली इंजिनाने पद्धत बदलली तेव्हा त्याच कोडने क्रम लावणे सोडून दिले आणि दोष इंजिनाचा आहे अशा तक्रारी सुरू झाल्या.

त्या बदलाचा संबंध 'स्थिरता' या गुणधर्माशी आहे. तुलनेत समान ठरलेल्या नोंदींचा आपापसातला मूळ क्रम जी पद्धत अबाधित ठेवते तिला स्थिर पद्धत म्हणतात. शाळेतील विद्यार्थ्यांची यादी आधी नावाने लावली आणि मग तुकडीने लावली, तर प्रत्येक तुकडीत नावे क्रमानेच राहावीत अशी कोणाचीही अपेक्षा असते, आणि ती पुरी होणे सर्वस्वी स्थिरतेवर अवलंबून असते. व्ही-८ मध्ये २०१८ पर्यंत दहा किंवा त्यांहून कमी नोंदी असतील तर 'इन्सर्शन सॉर्ट' ही स्थिर पद्धत वापरली जाई, आणि अकरावी नोंद आली की टोनी होअर यांची 'क्विकसॉर्ट' ही वेगवान पण अस्थिर पद्धत सुरू होई. परिणामी आठ-दहा विद्यार्थ्यांची नमुना यादी घेऊन काम तपासणाऱ्याला तुकडीतली नावे नीट लागलेली दिसत, आणि पन्नास जणांच्या खऱ्या वर्गात ती विस्कटत. ज्या चुकीला चाचणीत दिसण्याची संधीच मिळत नाही, ती प्रोग्रामरच्या हलगर्जीपणाच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे; साधनाचे वर्तन यादीच्या लांबीनुसार बदलणे हाच मूळ दोष होता.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ च्या सुमारास व्ही-८ ने 'टिमसॉर्ट' ही स्थिर पद्धत स्वीकारली आणि २०१९ च्या मानकाने स्थिरता सर्व ब्राउझरांना बंधनकारक केली. टिमसॉर्ट ही टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथन भाषेसाठी रचलेली पद्धत असून प्रत्यक्ष जगातल्या याद्या क्वचितच पूर्ण विस्कळीत असतात, त्यांत आधीच क्रमाने लागलेले तुकडे सापडतात, हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. ती असे तुकडे शोधते आणि त्यांचे एकत्रीकरण करत जाते. तिची आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. जावा भाषेनेही ती स्वीकारली होती आणि असंख्य यंत्रांवर ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली होती. तरीही २०१५ साली युरोपातील संशोधकांनी तिची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध करायला घेतली तेव्हा सिद्धता पुरी होईना, आणि त्यातूनच विशिष्ट रचनेच्या प्रचंड यादीवर ती कोसळते हे उघडकीस आले. क्रम लावणे हा संगणकशास्त्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत घासूनपुसून घेतलेला प्रश्न मानला जातो. त्याच्याही पोटात असे काही शिल्लक असू शकते.

सॉर्टचा दुसरा स्वभाव म्हणजे ते मूळ यादीतच फेरफार करते आणि तीच यादी परत देते. परत आलेली यादी नवी आहे असे समजून एखाद्याने तिला वेगळे नाव दिले, तरी दोन्ही नावे एकाच वस्तूकडे बोट दाखवत असतात, आणि 'मूळ क्रमाने पाहा' असे बटण दिले असेल तर दाखवायला मूळ क्रमच उरलेला नसतो. पडद्यावरची रचना रिॲक्टसारख्या लायब्ररीने सांभाळली जात असेल तर गोंधळ वाढतो, कारण रिॲक्ट यादीच्या आतला मजकूर पाहत नाही, यादी तीच आहे की नवी एवढेच पाहते. आतल्या आत क्रम बदललेली यादी तिला तीच वाटते आणि पडदा बदलत नाही. म्हणून आधी 'स्लाइस' ने नक्कल करून मग ती नक्कल क्रमाने लावण्याची रीत रूढ झाली, आणि अखेर २०२३ च्या मानकात 'टूसॉर्टेड' हे मूळ यादीला हात न लावणारे फंक्शन आले. यातही एक सावधगिरी लागते. या नकला वरवरच्या असतात, म्हणजे यादी नवी असली तरी तिच्यातील नोंदी जुन्याच असतात, आणि नव्या यादीतील विद्यार्थ्याचे गुण बदलले की जुन्या यादीतील त्याच विद्यार्थ्याचे गुणही बदललेले दिसतात.

भाषेने जे दिले नाही ते दरम्यानच्या काळात लायब्रऱ्यांनी पुरवले. सॅम स्टीफनसन यांच्या २००५ सालच्या 'प्रोटोटाइप' लायब्ररीने नवी फंक्शने थेट भाषेच्या ॲरेवरच चढवली, तर जेरेमी ॲश्केनस यांच्या २००९ सालच्या 'अंडरस्कोर' ने ती स्वतःच्या नावाखाली वेगळी ठेवली, आणि जॉन-डेव्हिड डाल्टन यांच्या २०१२ सालच्या 'लोडॅश' ने तोच मार्ग पुढे रुंद केला. अंडरस्कोरचे 'सॉर्टबाय' हे फंक्शन या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. प्रत्येक नोंदीपासून क्रमाची किल्ली एकदाच काढून घ्यायची, तिच्या सोबत नोंदीचा मूळ स्थानांकही बांधून ठेवायचा आणि किल्ल्या समान आल्या तर स्थानांकावर निकाल द्यायचा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे खालचे इंजिन अस्थिर असले तरी वरचा निकाल स्थिरच राहावा याची तजवीज मानकाने स्थिरता मान्य करण्याच्या कितीतरी आधी या मोजक्या ओळींनी केली होती.

भाषेच्या ॲरेवर थेट फंक्शने चढवण्याच्या पहिल्या मार्गाची किंमत मात्र सर्वांनी मोजली. याद्यांच्या आतल्या याद्या सपाट करणाऱ्या फंक्शनला 'फ्लॅटन' हे नाव देण्याचे ठरले होते, परंतु 'मूटूल्स' नावाच्या जुन्या लायब्ररीने त्याच नावाचे फंक्शन आधीच ॲरेवर चढवलेले होते. मूटूल्स आपली फंक्शने एक-एक मोजून दुसऱ्या जागी उतरवून घेत असे. भाषेने अंगभूत दिलेली फंक्शने त्या मोजणीत दिसत नाहीत. त्यामुळे फ्लॅटन अंगभूत होताच ते उतरवायचे राहून गेले आणि जुनी पाने मोडली. मार्च २०१८ मध्ये हे उघड झाल्यावर बराच वाद झाला आणि शेवटी २०१९ च्या मानकात ते 'फ्लॅट' या नावाने आले. याद्यांचे गट पाडणारे 'ग्रुपबाय' हेही अशाच नामसंघर्षामुळे ॲरेवर येऊ शकले नाही आणि २०२४ मध्ये 'ऑब्जेक्ट' च्या आश्रयाने भाषेत आले. दुसऱ्याच्या वस्तूवर आपली भर न घालण्याचा अंडरस्कोरचा संयम त्या वेळी अनेकांना गैरसोयीचा वाटला असेल, पण आज पाहता तोच मार्ग रास्त ठरला.

डिसेंबर २००९ च्या मानकात आलेली 'मॅप', 'फिल्टर' आणि 'रिड्यूस' ही त्रयी आता सर्वपरिचित आहे: पहिले प्रत्येक नोंदीचे रूपांतर करते, दुसरे अटीत बसणाऱ्या नोंदी निवडते आणि तिसरे साऱ्या यादीचा मिळून एक निष्कर्ष काढते. त्यांच्याविषयी विस्ताराने सांगण्याची गरज नाही. फक्त खर्चाचा मुद्दा नजरेआड होऊ नये. यादीतील पुनरुक्ती काढण्यासाठी फिल्टरच्या आत 'इंडेक्सऑफ' ने शोध घेण्याची लोकप्रिय ओळ दिसायला सुटसुटीत असली, तरी १०,००० वेगवेगळ्या नोंदींसाठी ती सुमारे ५ कोटी तुलना करते, तर २०१५ पासून उपलब्ध असलेला 'सेट' हा संग्रह तेच काम एका फेरीत उरकतो.

क्रम लावण्याच्या साधनाने क्रम मोडायचा प्रयत्न केला तर काय होते, याचे उदाहरण सार्वजनिक इतिहासात नोंदलेले आहे. युरोपीय संघातील विंडोज वापरकर्त्यांना ब्राउझर निवडू देण्यासाठी मायक्रोसॉफ्टने मार्च २०१० मध्ये एक पान सुरू केले आणि त्यावर प्रमुख ब्राउझरांचा क्रम दर वेळी यादृच्छिक असायला हवा होता. त्यासाठी सॉर्टला ०.५ मधून यादृच्छिक संख्या वजा करणारे तुलनाफंक्शन दिले गेले; म्हणजे प्रत्येक तुलनेचा निकाल नाणेफेकीवर सोपवला. रॉब वियर नावाच्या संगणकतज्ज्ञाने अनेक वेळा पान चालवून दाखवून दिले की, काही ब्राउझर काही जागांवर प्रमाणाबाहेर वारंवार येतात. तसे होणे अटळच होते, कारण सॉर्ट आधीच्या तुलनांवर विसंबून पुढच्या तुलना टाळते, आणि विसंगत उत्तरे देणाऱ्या फंक्शनकडून समान संधी निघत नाही. योग्य पद्धत १९३८ पासून ज्ञात आहे: फिशर आणि येट्स यांची ती पद्धत, तिला रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली दिलेल्या संगणकी रूपात, शेवटच्या जागेपासून सुरुवात करून त्या जागेसह उरलेल्यांतून एक नोंद यादृच्छिकपणे निवडते आणि तिची अदलाबदल करत मागे येते. ती पाच-सहा ओळींत लिहून होते. मायक्रोसॉफ्टनेही नंतर आपली पद्धत बदलली.

आता मराठीचा प्रश्न, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा आहे. सॉर्ट मजकुराची तुलना करते ती युनिकोडने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांवरून. देवनागरीचे हे क्रमांक भारत सरकारच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'इस्की' या संकेतप्रणालीवरून घेतलेले आहेत आणि इस्कीने भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा ठरवताना 'ळ' ला 'ल' च्या शेजारी बसवले. मराठी वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' च्या नंतर. त्यामुळे कामत, काशीकर, कासार, काळे हा शाळेच्या हजेरीपटावर शोभणारा क्रम सॉर्टच्या हाती कामत, काळे, काशीकर, कासार असा होतो, आणि 'क्षीरसागर' हे आडनाव वर्णमालेच्या शेवटी न जाता 'कौशिक' च्या नंतर आणि 'खरे' च्या आधी जाऊन बसते. संख्यांच्या बाबतीत निदान बिघाड डोळ्यांत भरतो. येथे यादी बरोबर असल्याचा भास होतो आणि काळे आपले नाव कासारांच्या नंतर शोधत बसतात.

'ॲ' चे प्रकरण याहून अवघड आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले, आणि आधीच्या जागा भरलेल्या असल्याने त्याला देवनागरीच्या पट्ट्याच्या शेवटाकडचा क्रमांक मिळाला. तो 'ह' च्याच नव्हे तर देवनागरी अंकांच्याही पुढचा आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले, पण सॉर्टला त्याची वार्ता नाही. शिवाय जुन्या मजकुरात हेच अक्षर 'अ' हे अक्षर आणि त्यावर चंद्राची खूण अशा दोन चिन्हांनी लिहिलेले सापडते. वकिलांच्या यादीत 'ॲड.' हे उपपद काहींनी एका रीतीने आणि काहींनी दुसऱ्या रीतीने टंकले असेल, तर डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या नोंदींपैकी निम्म्या यादीच्या डोक्याशी आणि निम्म्या पार तळाशी जातात. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतील 'ऱ' चीही अशी दोन रूपे आहेत. परंतु ती युनिकोडने परस्परसमान मानलेली असल्यामुळे 'नॉर्मलाइझ' हे अंगभूत फंक्शन त्यांना एक करते. 'ॲ' च्या दोन रूपांना तशी मान्यता नाही, म्हणून त्यांना एका रूपात आणणारे छोटे फंक्शन मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याने स्वतःच लिहून, क्रम लावण्यापूर्वीच नव्हे तर माहिती साठवण्यापूर्वी वापरले पाहिजे.

उरलेल्या कामासाठी भाषेत सोय आहे. 'इंटल कोलेटर' हे साधन जगातील भाषांचे क्रमनियम जाणते. हे नियम युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर नावाच्या भांडारातून येतात आणि त्यात मराठीसाठी 'ळ' ला 'ह' च्या नंतर ठेवणारा स्वतंत्र नियम आहे. भाषा मराठी असल्याचे सांगून कोलेटर एकदाच तयार करावा आणि त्याचे तुलनाफंक्शन सॉर्टला द्यावे. 'एकदाच' यावर भर देण्याचे कारण असे की, एक लाख नावांची यादी लावताना साधारण १७ लाख तुलना होतात, आणि प्रत्येक तुलनेला नियमांची नवी जुळवाजुळव करावी लागली तर वापरणाऱ्याच्या हातातला साधा फोन खोळंबून राहतो. सर्व्हरवरचा डेटाबेस एका नियमाने यादीची पाने पाडतो आणि ब्राउझर प्रत्येक पान दुसऱ्या नियमाने लावतो, अशी स्थितीही नेहमी आढळते. तेव्हा काळे ज्या पानावर असायला हवेत त्या पानावर ते नसतात, आणि ब्राउझरमधील कोणतीही दुरुस्ती त्यांना तेथे आणू शकत नाही, म्हणून नियम दोन्हीकडे एकच ठेवावा लागतो.

देवनागरी अंकांच्या बाबतीत तीन नियम एकत्र येऊन एक विलक्षण परिणाम घडतो. घरक्रमांक मजकूर म्हणून '९', '१०', '१००' असे देवनागरीत साठवलेले असतील आणि त्यांची वजाबाकी करणारे नेहमीचे तुलनाफंक्शन दिले असेल, तर जावास्क्रिप्टला देवनागरी अंक संख्या म्हणून ओळखता येत नाहीत आणि वजाबाकीचे उत्तर 'संख्या नव्हे' असे येते. मानकानुसार असे उत्तर शून्य समजायचे असते, म्हणजे सर्व नोंदी समान ठरतात. आणि सॉर्ट आता स्थिर असल्यामुळे समान नोंदी जागच्या जागी राहतात. यादी जशी होती तशीच परत येते, आणि चुकीची सूचना कोठेही उमटत नाही. कोलेटरला अंकसमूह संख्या म्हणून वाचण्याची सूचना देण्याचा एक पर्याय असतो, आणि तो देवनागरी अंकांनाही तितकाच लागू पडतो. तो चालू केला की '९' नंतर '१०', '१२' नंतर '१२अ' आणि त्या सर्वांनंतर '१००' असा गल्लीतल्या दारांवरच्या पाट्यांचा क्रम पडद्यावर उतरतो.